धंदा उघडण्याआधी गल्ला वेगळा करा

धंद्यात नव्याने उतरणारी बाई बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारते तो कर्जाचा. कुठून मिळेल, किती मिळेल. मी उलट विचारते, मिळालं तर ते ठेवाल कुठे? प्रश्न आगाऊ वाटतो, काही जणी रागावतातही. पण त्यामागे एक प्रयोग आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढचं काही पटायचं नाही.

श्रीलंकेत २००५ च्या सुमारास संशोधकांनी अगदी छोट्या धंदेवाल्यांमधून चिठ्ठ्या काढाव्यात तशी नावं निवडून त्यांना भांडवल दिलं. कुणाला दहा हजार श्रीलंकन रुपयांचं, कुणाला वीस हजारांचं. कुणाला रोख, कुणाला माल किंवा अवजारं. फेडायचं काहीच नव्हतं. पुरुषांच्या धंद्यांचा नफा चांगला वाढला. बायकांचा, सरासरी काढली तर, जागचा हलला नाही. बायकांना धंदा जमत नाही, असं म्हणायला लोक टपलेलेच असतात. त्यांना आयता पुरावा मिळाला. पुढे श्रीलंका, भारत आणि घाना इथली आकडेवारी दुसऱ्या संशोधकांनी घर धरून पुन्हा तपासली, तेव्हा गोष्ट उलगडली. ज्या घरात धंदा करणारी ती एकटीच होती, तिथे तिच्या हातात आलेला पैसा पुरुषाच्या पैशाइतकाच कमावत होता. जिथे घरात दुसराही धंदा होता, बहुतेक वेळा नवऱ्याचा, तिथे तिच्या नावाने आलेलं भांडवल तिकडे वळत होतं. पाटाचं पाणी दुसऱ्या वाफ्यात गेलं, इतकंच.

म्हणून या मार्गदर्शकात कर्जाची पायरी बरीच खाली आहे. आधीच्या पायऱ्या कंटाळवाण्या वाटल्या तरी गाळू नका.

पायरी १ : का करायचं आहे, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा

धंद्यांचा जगभर अभ्यास करणारी ग्लोबल आंत्रप्रेन्युअरशिप मॉनिटर ही पाहणी २०१९ पासून लोकांना चार कारणांबद्दल विचारते: जगात काही बदल घडवायचा आहे, भरपूर पैसा कमवायचा आहे, घरचा धंदा पुढे न्यायचा आहे, की नोकऱ्याच नाहीत म्हणून पोट भरायचं आहे. विकसनशील देशांतल्या बायका मोठ्या संख्येने शेवटच्या कारणाला होकार देतात. त्यात कमीपणा काही नाही. पण समोर बसून अर्धा तास बोललं, चहा झाला, की आणखी दोन कारणं बाहेर येतात. एक, मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळून करता येईल असं दुसरं कामच नाही. आणि दुसरं, दर वेळी हात पसरावा लागू नये. हे दुसरं फारसं कुणी अर्जात लिहीत नाही. माझ्या पाहण्यात मात्र धंदा तगवून धरणारं कारण बहुतेकदा तेच असतं.

कारण लिहायचं ते शोभेसाठी नव्हे, त्यावर पुढचे निर्णय ठरतात. स्वतःला एक प्रश्न विचारा: उद्या बऱ्या पगाराची नोकरी चालून आली, तर धंदा सोडाल का? उत्तर 'हो' असेल तर भांडवल अशाच गोष्टीत घाला जी विकून मोकळं होता येईल. शिलाई मशीन विकता येतं, दुकानाच्या भिंतीतली फडताळं विकता येत नाहीत. उत्तर 'नाही' असेल तर पहिल्या वर्षी घरात कमी पैसा नेण्याची तयारी ठेवा. आणि घरची कामं सांभाळून करायचा असा धंदा हवा असेल, तर तो वाढेलच ही अपेक्षा सुरुवातीला बाजूला ठेवा. एका धंद्याकडून सगळंच एकदम मागणाऱ्या बायका दमून जातात आणि मग दोष स्वतःला देतात.

पायरी २ : शेजारीण करते तेच करण्याआधी थांबा

शिवण, केस-सौंदर्य, खाण्याचे पदार्थ. बायकांचे धंदे म्हटलं की जगात कुठेही याच तिघांभोवती गर्दी दिसते. कारणं समजण्यासारखी आहेत. काम हाताला आधीपासून येतं, भांडवल कमी लागतं, घरातून विरोध होत नाही. पण जे सगळ्यांना येतं त्याला भाव कमी मिळतो.

युगांडात याचा नेमका अभ्यास झाला. धातूकाम, सुतारकाम, वीजजोडणी असल्या 'पुरुषांच्या' धंद्यांत शिरलेल्या बायकांची तुलना रूढ धंद्यांतल्या बायकांशी केली. शिरलेल्या बायका त्या धंद्यातल्या पुरुषांइतकं कमवत होत्या, आणि रूढ धंद्यांतल्या बायकांच्या जवळपास तिप्पट. मग बाकीच्या का जात नाहीत? एक मोठं कारण म्हणजे त्या धंद्यात इतका पैसा आहे हे त्यांच्या कानावरच आलेलं नव्हतं. ज्या गेल्या, त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना वडील, भाऊ, नवरा किंवा मित्र अशा कुणीतरी हात धरून आत नेलं होतं.

याचा अर्थ सगळ्यांनी वेल्डिंग शिकावं असा नाही. पण निवडीआधी एक आठवडा असा काढा. मनात असलेले तीन धंदे घ्या, त्यातला एक तरी असा असू द्या जो बायका सहसा करत नाहीत. प्रत्येकाच्या चालत्या ठिकाणापाशी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अर्धा-अर्धा तास उभ्या राहा आणि मोजा: किती माणसं आत गेली, किती हातात काही घेऊन बाहेर आली, किती नुसतीच भाव विचारून फिरली. तिसरा आकडा सगळ्यात जास्त शिकवतो. मग तो धंदा करणाऱ्या कुणाला तरी विचारा. ते नक्की किती कमावतात हे सांगणार नाहीत, पण 'कोणत्या महिन्यात हात आखडता घ्यावा लागतो' हे हमखास सांगतात.

पायरी ३ : आठवड्यातले तास मोजा, दिवस नव्हे

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे जगातलं विनामोबदला घरकाम आणि माणसं सांभाळण्याचं काम यांतले तीन चतुर्थांशाहून अधिक तास बायकांच्या अंगावर आहेत. 'दिवसभर मोकळीच असते' असं म्हणणाऱ्या बाईला आठवडाभर तासांची नोंद करायला सांगितली की हातात सलग असे दोन-तीन तासच सापडतात, तेही रोज वेगळ्या वेळी. गिऱ्हाइकाला मात्र ठरलेली वेळ लागते.

मुलाला दुकानात घेऊन बसणं हा उपाय वाटतो. युगांडातल्याच औषधांच्या छोट्या दुकानांच्या पाहणीत लहान मूल सोबत घेऊन बसणाऱ्या मालकिणींचा नफा बाकीच्यांपेक्षा बराच कमी दिसला. आळस किंवा अकुशलता हे कारण नव्हतं, लक्ष दोन ठिकाणी होतं. म्हणून मूल सांभाळण्याची सोय हा धंद्याचा खर्च समजा आणि तो हिशोबात धरा. दोन धंदेवाल्या बायकांनी आळीपाळीने मुलं सांभाळली तरी चालतं, पण वेळा कागदावर ठरवून. तोंडी ठरलेलं पहिल्या तापातच मोडतं.

पायरी ४ : स्वतःची मजुरी धरून किंमत काढा

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त वह्या इथेच चुकलेल्या पाहिल्या आहेत.

समजा एक कापडी पिशवी शिवायची आहे. आकडे कुठल्याही चलनातले धरा. कापड ४०, धागा आणि चेन १२, वीज आणि माल आणण्याचं भाडं मिळून ८. झाले ६०. पिशवी १०० ला जाते. वहीत लिहिलं जातं: नफा ४०. आता त्या पिशवीला दोन तास लागतात. हीच बाई दुसऱ्याकडे शिवायला बसली असती तर तिला तासाला १५ मिळाले असते. म्हणजे ३० ही तिची मजुरी, नफा नव्हे. मशीन झिजतं, सुया मोडतात, तेल लागतं; त्याचे ३. वीस पिशव्यांमागे एक बिघडते किंवा परत येते, तिचे ६० उरलेल्यांवर वाटले की आणखी साधारण ३. हातात उरले ४.

चार हा खरा नफा. पुढचं कापड जास्त घेता येईल ते याच चारातून. मजुरी न धरता 'चाळीस सुटतात' म्हणून दहा टक्के सूट देणारी बाई प्रत्येक पिशवीमागे सहा स्वतःच्या मजुरीतून घालत असते, आणि खूप विक्री होऊनही हात रिकामा का, हे तिला कळत नाही.

आपल्याच कामाची किंमत मागायला जीभ अडखळते, हे मी समजू शकते. त्यावर एक साधी युक्ती: भाव पाटीवर लिहून टाका. पाटीशी घासाघीस करायला गिऱ्हाईक जरा कमी धजतं.

पायरी ५ : दोन डबे, एक चिठ्ठी

आता मूळ मुद्दा. डोमिनिकन प्रजासत्ताकात छोट्या धंदेवाल्यांच्या एका गटाला रीतसर जमाखर्च शिकवला, दुसऱ्या गटाला नुसते काही सोपे ठोकताळे. रीतसर जमाखर्चाने फारसा फरक पडला नाही, ठोकताळ्यांनी पडला. त्यातला एक असा: धंद्याचा पैसा एका खणात, घरचा दुसऱ्या खणात. एकातून दुसऱ्यात पैसा न्यायचा तर आत चिठ्ठी टाकायची, कुणी कुणाचं किती देणं लागतं त्याची.

हे करून पाहा. दोन वेगळ्या रंगांचे डबे घ्या, एकसारखे नकोत, घाईत हात चुकतो. विक्रीचा प्रत्येक पैसा धंद्याच्या डब्यात. आठवड्याच्या ठरलेल्या वारी त्यातून तुमची मजुरी काढून घरच्या डब्यात टाका, ती मात्र न चुकता. स्वतःला मजुरी न देणारी बाई आज ना उद्या गल्ल्यातून उचलतेच, आणि मग किती उचललं याचा पत्ता राहत नाही. मधेच घरी गरज पडली, औषध आणायचं आहे, तर पैसे जरूर घ्या. चिठ्ठी टाका. महिन्याच्या शेवटी चिठ्ठ्या पसरून पाहिल्या की समजतं, घर धंद्याचं किती देणं लागतं. मी एकदा असा डबा उघडताना बाजूला बसले होते. सोळा चिठ्ठ्या निघाल्या. आजारपणाच्या दोन, शाळेच्या तीन, आणि तब्बल अकरांवर एकच शब्द होता: 'त्यांना'. त्या बाईने त्या अकरा चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या, रबर लावला आणि काही न बोलता पर्समध्ये ठेवल्या.

डबा घरात असला की तो दिसतो, आणि दिसणाऱ्या पैशाला नाही म्हणणं कठीण जातं. युगांडात एका संस्थेने कर्जाचे पैसे काही बायकांना रोख दिले, काहींच्या मोबाइल खात्यात टाकले. कर्ज तेच, अटी त्याच. आठ महिन्यांनी मोबाइल खातेवाल्यांचा नफा सुमारे १५ टक्क्यांनी जास्त होता, आणि घरून मागणीचा ताण ज्यांच्यावर होता त्यांना फायदा अधिक झाला. केनियातल्या बाजारात बसणाऱ्या बायकांनी तर व्याज नसलेलं, उलट पैसे काढताना शुल्क लागणारं बचत खातं वापरलं आणि त्यांची धंद्यातली गुंतवणूक वाढली. तोट्याचं खातं कुणी का वापरेल? कारण पैसा सहज काढता येत नाही, हाच त्यांच्या दृष्टीने त्या खात्याचा उपयोग होता. भिशीचंही तसंच. 'या महिन्याचा हप्ता भरायचाय' हे कारण घरात चालतं, 'मला साठवायचंय' हे चालत नाही. पश्चिम आफ्रिकेत तिला टोन्टिन म्हणतात, केनियात चामा.

पैसा लपवावा का, असं मला सारखं विचारलं जातं. माझं मत: पैसा दूर ठेवा, हिशोब लपवू नका. लपवलेला हिशोब सापडला की धंदाच बंद करायला लावतात. नवरा किंवा सासरची मंडळी मागतील तेव्हा 'माल भरलाय, पैसा मालात अडकलाय' हे खरं उत्तर तयार असावं, म्हणून आलेला पैसा शक्य तितक्या लवकर मालात घाला. घानात हेच दिसलं: ज्यांचा धंदा आधीपासून बऱ्यापैकी चालता होता अशा बायकांना रोख देऊन उपयोग झाला नाही, तेवढ्याच किमतीचा माल किंवा अवजार दिलं तेव्हा नफा वाढला. अर्थात जिथे मारझोडीची भीती आहे तिथे हे सगळे सल्ले बाजूला. तिथे आधी जिवाची सोय पाहायची, आणि तेव्हा लपवणंही बरोबर.

पायरी ६ : आता कर्जाचं बोला

पहिला माल स्वतःच्या बचतीतून आणा, कितीही थोडा असो. दोन-तीन वेळा विकून पुन्हा भरला की तुम्हाला कळतं, पैसा किती दिवसांत फिरून येतो. हा दिवसांचा आकडा माहीत नसताना कर्ज घेऊ नका. तीस दिवसांनी सुटणाऱ्या पैशावर आठवड्याचा हप्ता घेतला की पहिला हप्ता कर्जातूनच जातो.

गट करून विनातारण कर्ज देण्याची पद्धत बांगलादेशात १९७६ मध्ये जोब्रा गावातून सुरू झाली, १९८३ मध्ये तिची 'ग्रामीण बँक' याच नावाची बँक झाली आणि तिच्या कर्जदारांत नव्वद टक्क्यांहून अधिक बायका आहेत. त्याच्याही आधी, १९७४ मध्ये, अहमदाबादेत 'सेवा' या स्वयंरोजगार करणाऱ्या बायकांच्या संघटनेच्या चार हजार सभासदांनी दहा-दहा रुपये घालून स्वतःची बँक उभी केली. दोन्हींमागचं कारण एकच होतं. जमीन आणि घर पुरुषाच्या नावावर, मग बाई तारण ठेवणार काय? गटाने ती अडचण सोडवली, पण हप्ता आठवड्याचा आणि पहिल्याच पंधरवड्यापासून, अशी शिस्त आणली. कोलकात्यात काही जणींना पहिल्या हप्त्याआधी दोन महिन्यांची सवलत दिली, तेव्हा त्यांनी पैसा धाडसाने धंद्यात घातला आणि तीन वर्षांनी त्यांचा नफा जास्त होता. थकबाकीदारही त्यांच्यात जास्त निघाले, हेही सांगायला हवं. तेव्हा कर्ज देणाऱ्याला व्याजदराच्या जोडीने तीन गोष्टी विचाराच: पहिला हप्ता कधी, एक हप्ता चुकला तर काय, आणि गटातल्या दुसरीने बुडवलं तर माझ्यावर किती येतं.

दुसऱ्या कुणाच्या कामासाठी स्वतःच्या नावावर कर्ज उचलू नका. घरातल्या माणसासाठीही नाही. यावर मी वाद घालत बसत नाही.

पायरी ७ : कागद स्वतःच्या नावावर

कांगोच्या लोकशाही प्रजासत्ताकात २०१६ पर्यंत विवाहित बाईला धंद्याची नोंदणी करायला नवऱ्याची परवानगी लागायची; तेव्हा कायदा बदलला. बऱ्याच देशांत आज कायदा आडवा येत नाही, खिडकीपलीकडचा माणूस येतो. 'साहेब कुठे आहेत' असं विचारतो. नियम छापील मागा, सोबत दुसरी बाई न्या. नोंदणी, बँक खातं, मोबाइलचं सिम, ऑनलाइन विक्रीचं खातं आणि त्याचा पासवर्ड, सगळं तुमच्या नावाने आणि तुमच्याच ताब्यात. सिम भावाच्या नावावर असेल तर मोबाइल खात्यातला पैसाही त्याच्या हाती राहतो.

पायरी ८ : उधारी आणि ओळखीचं गिऱ्हाईक

पहिली गिऱ्हाइकं नात्यातली असतात आणि पहिली उधारीही त्यांचीच. नियम आधी ठरवा: एका माणसाची एकच उधारी, ती फिटल्याशिवाय दुसरी नाही. वसुलीला बोलणं जड जातं म्हणून उधारीची वही त्यांच्या डोळ्यांसमोर लिहा आणि सही घ्या. पुरवठादाराकडे, विशेषतः तो पुरुष असेल आणि गोदाम आडबाजूला असेल, तर दोघी मिळून जा. एकत्र खरेदीला भावही बरा मिळतो.

पायरी ९ : शिकायचं काय

टोगोत लोमे इथे दीड हजार छोट्या धंदेवाल्यांवर प्रयोग झाला, निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचं धंद्याचं प्रशिक्षण, दुसऱ्याला स्वतःहून पुढाकार घेण्याचं: वेगळं काय देता येईल ते शोधणं, अडचण येण्याआधी तिचा विचार करणं, अपयशातून उठणं. दुसऱ्या गटाचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला, बायकांचा तर ४० टक्क्यांच्या आसपास. पहिल्या गटात ठाम म्हणावा असा फरक नव्हता. फुकट प्रशिक्षण निवडताना एवढंच पाहा, तिथे तुमच्या स्वतःच्या धंद्यावर काम करून घेतात, की नुसत्या व्याख्यानांनंतर प्रमाणपत्र देतात.

सुरू केल्यापासून नव्वदाव्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद ठेवा. दोन्ही डबे, चिठ्ठ्या आणि उधारीची वही घेऊन बसा. आधी मजुरी बाजूला काढा. मग चिठ्ठ्यांची बेरीज करा, उधारीतलं येणारं नि न येणारं वेगळं लिहा, शिल्लक माल खरेदीच्या किमतीने मोजा. येणारी उधारी, माल आणि धंद्याच्या डब्यातली रोकड मिळून सुरुवातीच्या भांडवलापेक्षा जास्त असेल तर पुढच्या खेपेला माल थोडा वाढवा. कमी असेल तर आधी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पाहा. गठ्ठा जाड असेल तर तूट तिथेच आहे, आणि धंदा बदलण्याची घाई करू नका.